स्मृतीची गळती

प्रोग्रॅम चालताना संगणकाच्या स्मृतीतील जागा मागून घेतो आणि काम संपल्यावर परत करतो. परत करायचे राहिले की तेवढी जागा अडकून पडते. यालाच 'मेमरी लीक' म्हणजे स्मृतीची गळती म्हणतात. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेच्या संगणकात प्रत्येक वेळी गाडी पाठवताना थोडी जागा अशी अडकत होती. सुमारे तीन आठवड्यांत स्मृती संपली आणि ४ नोव्हेंबर १९९२ च्या पहाटे यंत्रणा बंद पडली.

हे टाळण्यासाठी सी++ भाषेच्या २०११ च्या प्रमाणात 'शेअर्ड पॉइंटर' आला. पॉइंटर म्हणजे स्मृतीतील जागेचा पत्ता. शेअर्ड पॉइंटर त्या जागेकडे किती जण बोट दाखवतात हेही मोजतो. मोजणी शून्य झाली की जागा आपोआप मोकळी होते. प्रयोगशाळेतून शेवटी बाहेर पडणाऱ्याने दिवा मालवावा, तसेच हे. मोजणीची ही युक्ती जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्येच मांडली होती.

पण तिच्यात एक फट आहे. सोलापूरहून मुंबईकडे जाताना लागणारी स्थानके घेऊ : सोलापूर, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी. फळ्यावर चार चौकोन काढा. प्रत्येकातून 'पुढचे' आणि 'मागचे' स्थानक दाखवणारे बाण काढा. प्रोग्रॅमचा स्वतःचा एक बाण सोलापूरकडे. आता प्रत्येक चौकोनात येणारे बाण मोजू : २, २, २, १.

काम संपले, प्रोग्रॅमचा बाण पुसा. सोलापूरची मोजणी १ उरते, कारण मोहोळ अजून त्याच्याकडे बोट दाखवते आहे. आणि मोहोळला सोलापूरने धरून ठेवले आहे! बाहेरून कोणी विचारत नाही, तरी चारही जागा अडकल्या.

उपाय सोपा आहे. मागचे बाण तुटक काढा. हे 'वीक पॉइंटर'. ते मोजणीत धरत नाहीत. आता प्रोग्रॅमचा बाण पुसताच सोलापूर शून्यावर येते. ते गेले की मोहोळ, मग माढा, मग कुर्डुवाडी. मात्र तुटक बाण वापरण्यापूर्वी समोरची वस्तू अजून आहे का, हे तपासावे लागते.

म्हणजे पॉइंटर कितीही हुशार असला, तरी मालक कोण आणि नुसता ओळखीचा कोण, हे आपणच ठरवायचे.

आता विद्यार्थ्यांना विचारा : सगळे बाण पुढचेच, पण कुर्डुवाडीचा बाण पुन्हा सोलापूरकडे वळवला, तर गळती होईल का?