डिकीतली मॅट

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की शाळेतल्या कोणाच्या तरी छोट्या गाडीची डिकी भरू लागते. प्रतिकृतींचे पुठ्ठे, लाकडी खोका, बॅटरी, चंचुपात्रांची पेटी, पाण्याचा कॅन आणि उरलेल्या फटीत जेवणाचे डबे. गाडी फाटकाबाहेर पडते आणि पहिल्याच गतिरोधकाला मागून खडखडाट ऐकू येतो. मग पुढचा सगळा रस्ता काय फुटले, काय सांडले याच विचारात जातो. अशा वेळी कोणीतरी सल्ला देतो, “डिकीत एक चांगली मॅट टाकून घ्या.” सल्ला योग्यच आहे. परंतु चांगली मॅट म्हणजे कोणती? दुकानात गेल्यावर रंग, जाडी आणि किंमत याखेरीज फारसे काही कळत नाही. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर आठवी-नववीच्या विज्ञानात आणि गणितात जवळजवळ पूर्ण दडलेले आहे, आणि ते एक फळी व मोजपट्टी घेऊन शोधता येते.

आधी गाडीची रचना लक्षात घेऊ. लांब शेपटीच्या मोटारीत डिकी ही वेगळी पेटी असते. हॅचबॅकमध्ये तसे नसते. मागचे दार, डिकी आणि बसण्याची जागा हे सारे एकाच खोलीचे भाग. मध्ये फक्त मागच्या सीटची पाठ आणि वर एक हलकी फळी. त्यामुळे डिकीतला वास बसणाऱ्यांच्या नाकाशी येतो आणि डिकीतली वस्तू उसळली तर तीही त्यांच्याच दिशेने येते. सीटची पाठ आडवी करून सामान भरले, तर मध्ये काहीच उरत नाही. संहत आम्लाची बाटली अशा गाडीतून नेऊच नये, मग मॅट कोणतीही असो.

फळीवरची गाडी

गाडीचा वेग कमी होतो तेव्हा डिकीतल्या खोक्याचाही वेग तितकाच कमी व्हायला हवा. त्यासाठी लागणारे बल त्याला खालच्या पृष्ठभागाशी होणाऱ्या घर्षणातून मिळते. घर्षण कमी पडले की खोका पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो. आपल्याला वाटते ‘खोका पुढे फेकला गेला’, प्रत्यक्षात गाडी मागे राहिलेली असते. लागणारे बल म्हणजे वस्तुमान गुणिले मंदन. मिळू शकणारे कमाल घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले वजन. दोन्हीकडे वस्तुमान आहे, ते निघून जाते. उरते ते एवढेच : मंदन हे गुरुत्वत्वरणाच्या जितक्या पट असेल, निदान तितका घर्षणांक हवा.

येथे विद्यार्थ्यांना थांबवून एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. एकाच प्रकारचे दोन पत्र्याचे डबे, एक रिकामा आणि एक वाळूने भरलेला, यांपैकी ब्रेक लावल्यावर आधी कोणता सरकेल? बहुतेक मुले रिकामा म्हणतात. ‘जड वस्तू जागची हलत नाही’ ही समजूत फार घट्ट असते. वरील हिशेबानुसार दोन्ही एकदमच सरकले पाहिजेत. (रबर मऊ असल्यामुळे त्याचा घर्षणांक दाब वाढला की थोडा कमी होतो. म्हणजे फरक पडलाच, तर तो मुलांच्या अंदाजाच्या उलट दिशेने!)

आता फळी घेऊ. १ मीटर लांबीच्या फळीवर मॅटचा तुकडा पक्का बसवावा, त्यावर डबा ठेवावा आणि फळीचे एक टोक सावकाश उचलावे. डबा घसरू लागेल त्या क्षणी टोकाची उंची भागिले पायाची लांबी हे गुणोत्तर म्हणजेच घर्षणांक. वर आपण पाहिले की हाच आकडा त्या डब्याला झेपणारे मंदनही सांगतो. म्हणजे गाडी न चालवताच मॅटची परीक्षा होते. टोक २९ सें.मी. उंच असताना डबा टिकला, तर ०.३ पट गुरुत्वत्वरणाचे मंदन, म्हणजे रोजचे जरा जोराचे ब्रेक, तो सहन करील. ४५ सें.मी.ला ही मर्यादा ०.५ पट होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने २५ मीटर त्रिज्येचे वळण घेताना बाजूला लागणारे बल साधारण एवढेच असते. ५७ सें.मी.ला ०.७ पट. हा कोरड्या रस्त्यावरचा करकचून लावलेला ब्रेक. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी त्याने सुमारे २० मीटरमध्ये थांबते.

हीच चाचणी गाडीत मुळात असलेल्या पातळ नमदेवजा कापडाच्या तुकड्यावर आणि मग रबरावर करून पाहावी. फरक डोळ्यांना दिसतो. फळीला खालून बोटाने हलकेच टिचक्या मारत राहावे, कारण रस्त्यावर हादरे असतातच. गतिरोधकावरून उतरताना क्षणभर वस्तूचा मॅटवरील दाब कमी होतो आणि तेवढ्यात ती सरकून घेते. नंतर मॅटवर थोडी धूळ, मग पाणी टाकून पुन्हा मोजावे. ओल्या गुळगुळीत रबराने घातलेली निराशा पाहिली, की मॅटवर उंच रेघा आणि खाचा कशासाठी असतात हे सांगावे लागत नाही. पाणी खाचेत उतरते, वस्तू रेघेवर टेकते. डॅशबोर्ड चमकवण्याचे पॉलिश मॅटला लावणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी पैसे देऊन घेतलेले घर्षण पैसे देऊनच घालवले, असे म्हणावे लागेल.

एक गोष्ट हमखास निसटते. घसरण्याच्या जागा दोन आहेत : वस्तू आणि मॅट यांच्यामधली, व मॅट आणि खालचे कापड यांच्यामधली. यांतली जी कमजोर तिथून सामान सुटते. मॅटवर डबा घट्ट, पण मॅटच डब्यासकट निघाली, असे सर्रास होते. म्हणून विकत घेताना मॅटची पाठही पाहावी. तिच्यावर बारीक दाणे किंवा काटे असतील तर ती कापडाला धरते. नसतील तर वेल्क्रोच्या आकड्यांच्या बाजूच्या चार पट्ट्या मॅटच्या पाठीला चिकटवल्या तरी काम होते. (वेल्क्रोची कल्पना स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना १९४१ मध्ये, कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून सुचली. रानातून आल्यावर कपड्यांना चिकटलेली कुसळे आणि गोखरू आपणही काढतोच.) मॅटला स्क्रू मात्र मारू नयेत. पत्र्याला भोक पडले की तिथून गंज सुरू होतो.

घर्षण वाढले म्हणजे सगळेच सुरक्षित झाले, असेही नाही. उंच कॅन चकचकीत जमिनीवर सरकतो, पण चांगल्या रबरावर तो कोलमडतो. आत एकसारखा भरलेला कॅन रुंदीच्या दुप्पट उंच असेल, तर फळीचे गुणोत्तर ०.५ झाले की तो आडवा होणार, मग घर्षणांक ०.८ का असेना. असा कॅन सीटच्या पाठीला टेकवून, बाजूला खोका लावून ठेवावा.

आणि मॅटची हद्दही सांगितली पाहिजे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आपटून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ २० पट होते. ५ किलोची पेटी त्या वेळी सुमारे १०० किलो वजनाएवढ्या बलाने सीटच्या पाठीवर आदळते. येथे ०.८ घर्षणांकाची मॅट काही करू शकत नाही. जड वस्तू तळाशी व सीटच्या पाठीला भिडवून ठेवणे आणि पाठीचा खटका नीट लागला आहे ना हे पाहणे, हेच कामाचे. मागच्या काचेजवळच्या फळीवर तर छत्रीसुद्धा ठेवू नये.

रबर की प्लास्टिक

दुकानात ‘रबरी’ म्हणून दाखवलेली मॅट बरेचदा पीव्हीसीची असते. ओळखायची युक्ती शिक्षकांना ठाऊक आहेच. तांब्याची तार ज्योतीत हिरवा रंग निघेनासा होईपर्यंत तापवायची, ती गरम असतानाच मॅटच्या काठाच्या कपच्याला लावायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. हे उघड्यावर आणि अगदी लहानशा कपच्यावर करावे, कारण निघणारा धूर चांगला नसतो.

पीव्हीसी स्वतः कडक असते. नळाचे पाइप त्याचेच. मॅटसाठी त्यात मृदुकारी द्रव मिसळतात. हा द्रव रेणूंच्या साखळ्यांना बांधलेला नसतो, नुसता त्यांच्यामध्ये वावरत असतो, आणि म्हणून निसटतो. कंपासपेटीत खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीवर महिनोन् महिने पडून राहिले की पट्टीला चिकटते आणि खड्डा पाडते. ती करामत खोडरबरातून पट्टीत शिरलेल्या मृदुकारी द्रवाचीच. उन्हात बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी, कधी अधिकही, तापते. त्या उष्णतेने मॅटमधला द्रव थोडा थोडा उडतो, काचेवर तेलकट थर धरतो. काही वर्षांनी मॅट ताठर होते, तिच्या कडा वर वळतात आणि पकड कमी होते.

खऱ्या रबरात साखळ्या गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या असतात. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये हे साधले, त्यापूर्वीचे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. असे रबर थंडीतही मऊ राहते आणि पकड चांगली देते. ते जड असते, नव्याने वास मारते आणि तेलाशी त्याचे जमत नाही. सायकलच्या ट्यूबच्या दोन सारख्या पट्ट्या कापून एक रात्रभर रॉकेलमध्ये, झाकणाच्या बाटलीत ठेवावी आणि सकाळी दोन्ही आलेखाच्या कागदावर मोजाव्यात. भिजलेली पट्टी लांबी-रुंदीत वाढलेली दिसेल. इंजिन ऑइलचे कॅन वरचेवर नेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरच्या, गाडीच्या मापाच्या साच्यातून काढलेल्या उंच काठांच्या मॅट महाग पडतात, पण त्यांचा वास सहसा कमी असतो. हलक्या चपलांच्या फेसासारख्या ईव्हीए पदार्थाच्या मॅट वजनाला फारच सोयीच्या, मात्र जड खोक्याच्या कोपऱ्याने त्यांना कायमचा खळगा पडतो. काथ्याची मॅट दिसायला छान. पावसाळी भागात ती घेऊ नये.

काठ किती उंच हवा

मॅट ९० सें.मी. रुंद, ६० सें.मी. लांब आणि काठ २ सें.मी. असेल, तर सपाटीवर तिच्यात १० लिटरपेक्षा जास्त पाणी मावते. पण घाटात वीस मीटरला एक मीटर असा साधा चढ लागला, की पाण्याचा पृष्ठभाग मॅटला तिरका होतो. मागच्या काठाशी २ सें.मी. खोल असलेली पाण्याची पाचर ४० सें.मी. पुढे जाऊन संपते. तिचे घनफळ काढले तर येते ३.६ लिटर. आणि ०.३ पट मंदनाचा ब्रेक लावला, तर पाचर जेमतेम ७ सें.मी. लांब राहते, पाणी मावते सुमारे ०.६ लिटर. उरलेले काठावरून खालच्या कापडात. दहा लिटरची मॅट एका ब्रेकने अर्ध्या लिटरची होते. काठ सांडलेला पेला सांभाळतो, बादली नाही.

हे पाणी कापडात मुरते, तिथून स्टेपनीच्या खळग्यात उतरते आणि वर मॅट झाकलेली असल्याने वाळत नाही. किनाऱ्यावरून मासळी आणणाऱ्यांच्या बाबतीत त्यात मीठही असते, आणि खाऱ्या पाण्यात पत्रा लवकर गंजतो.

कापणे आणि बसवणे

साच्यातली मॅट न घेता गुंडाळीतून कापून घेतली तर आधी ती दिवसभर सपाट पसरून ठेवावी, म्हणजे वळलेपणा जातो. मग जुनी वर्तमानपत्रे चिकटवून डिकीच्या तळाचा कागदी नमुना करावा. दोन्ही बाजूंना चाकांवरचे फुगवटे आत आलेले असतात, त्यामुळे आकार आयत नसतो. नमुना मध्यावर दुमडून पाहिला तर दोन अर्धे बहुधा जुळत नाहीत. जॅक ठेवण्याचा कप्पा अनेकदा एकाच बाजूला असतो. म्हणूनच मॅटच्या पाठीवर आखणी करताना कागद उलटा ठेवायला विसरू नये. नाहीतर आरशातल्या डिकीची मॅट तयार होते. धारदार सुरी साबणाच्या पाण्यात बुडवून कापले की ती रबरात अडकत नाही.

मापात फट किती सोडावी? रबर अंशाला प्रत्येक मीटरमागे सुमारे ०.२ मि.मी. वाढते. सकाळी ३० अंशांना कापलेली ९० सें.मी.ची मॅट दुपारी ६५ अंशांपर्यंत तापली तर सुमारे ६ मि.मी. वाढेल. खालचा पोलादी तळ तितकाच तापला तरी अर्धा मि.मी.सुद्धा वाढत नाही. सहा मि.मी. क्षुल्लक वाटतात. पण मॅट दोन्ही बाजूंना घट्ट बसली असेल, तर वाढीला वरच जावे लागते. मध्यावर मोडलेल्या तंबूची कल्पना करा : कर्ण ४५३ मि.मी., पाया ४५० मि.मी. पायथागोरसप्रमाणे उंचीचा वर्ग म्हणजे ३ गुणिले ९०३, अर्थात २७०९, आणि उंची ५२ मि.मी.! सहा मि.मी.तून पाच सें.मी.चा उंचवटा. प्रत्यक्षात रबर थोडे दाबले जाते, दोन-तीन ठिकाणी लाटा येतात, त्यामुळे नेमका एवढा तंबू उभा राहत नाही. तरी चंचुपात्रांची पेटी डुगडुगायला त्याचा निम्माही पुरे. प्रत्येक बाजूला ५ मि.मी. फट सोडली की काम भागते.

बसवल्यावर मागचे दार एकदा सावकाश लावून पाहावे. मॅटची कड खटक्याच्या आड येता कामा नये. सीटची पाठ आडवी-उभी करून पाहावी. मॅट एका हाताने उचलून स्टेपनीपर्यंत पोहोचता आले पाहिजे, कारण पंक्चर बहुधा रात्री होते. सीएनजीच्या ज्या गाड्यांत सिलिंडर डिकीतच असतो, तिथे मॅट त्याच्या पट्ट्यांखाली किंवा झडपेवर खुपसू नये. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मॅट उचलून खालच्या कापडावर कोरडे वर्तमानपत्र तळहाताने दाबावे. कागद ओला उमटला, तर त्या दिवशी मॅट उन्हात आणि डिकी उघडी.