इंजिनांची नावे सगळ्यांना पाठ

2025 साली इंग्लंडच्या ईशान्य भागात रेल्वेची द्विशताब्दी थाटात साजरी झाली. 27 सप्टेंबर 1825 रोजी स्टॉकटन–डार्लिंग्टन मार्गावर वाफेची गाडी धावली, त्याचा हा सोहळा. जुन्या इंजिनाची प्रतिकृती मिरवली, भाषणे झाली. त्याआधी तीन वर्षे, नोव्हेंबर 1822 मध्ये, तोच मार्ग बांधणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सनने हेटनच्या खाणीपासून संडरलंडपर्यंत कोळशाचा मार्ग आखून सुरू केला होता, आणि त्यावर घोडे नव्हतेच. पण त्या वाघिणींत माणसे बसत नव्हती. कोळशाला हारतुरे कोण घालणार?

तिथून जवळच, समुद्राकाठी सीहॅम आहे. त्याची पहिली दीडशे वर्षे मी भराभर उलटतो, कारण ती बहुतेक उमरावांनीच व्यापलेली आहेत. संडरलंड बंदरातला खर्च वाचवण्यासाठी तिसऱ्या मार्क्वेस ऑफ लंडनडेरीने 1828 मध्ये स्वतःच्या बंदराचा पाया घातला आणि 1831 मध्ये रेन्टनच्या खाणींतला कोळसा रुळांवरून थेट धक्क्यावर आणला. कवी बायरनचे लग्न इथल्याच सीहॅम हॉलमध्ये झाले, हे पर्यटकांना आवर्जून सांगतात. 8 सप्टेंबर 1880 च्या स्फोटात सीहॅम खाणीत 164 माणसे गेली, हे सांगताना मात्र आवाज खाली येतो.

मी तिथे डॉक्टर म्हणून गेलो 1983 मध्ये. मूळचा लालबागचा, गिरणी संपाची धग अंगावर घेऊन निघालेला. सीहॅम, डॉडन, व्हेन टेम्पेस्ट या खाणी तेव्हा चालू होत्या आणि त्यांतली माणसे समुद्राच्या तळाखालून कोळसा काढत होती. डिझेल इंजिने वाघिणी ओढत आणि त्या खडखडाटावर गाव घड्याळ लावी. माझ्या दवाखान्यात छाती तपासून घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी खाणीचे नाव सांगे, मग स्वतःचे.

मार्च 1984 मध्ये खाणकामगारांचा संप सुरू झाला आणि रूळ गंजू लागले. लोक पोती घेऊन किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेला कोळसा वेचत. ऑगस्टमध्ये शेजारच्या ईझिंग्टनला कामावर परतणाऱ्या एकट्या माणसासाठी पोलिसांची फौज उतरली. पुढे त्याच गावात ‘बिली एलियट’ या चित्रपटाचे चित्रीकरण झाले आणि जगाला तिथला नाच ठाऊक झाला. संपकऱ्यांना मी आजारपणाचे खोटे दाखले देतो, असा बोभाटा एका वरिष्ठाने केला होता. एकही दाखला खोटा नव्हता. त्या फुप्फुसांना खोटेपणाची गरजच नव्हती.

मार्च 1985 मध्ये माणसे हरून कामावर परतली. 1991 मध्ये डॉडन बंद झाली. 13 ऑक्टोबर 1992 रोजी मंत्री मायकेल हेझेल्टाइन यांनी 31 खाणी बंद करण्याचे जाहीर केले. यादीत व्हेन टेम्पेस्ट होती, पुढच्या वर्षी तिला टाळे लागले. खाणींमागोमाग रूळही गेले. भंगाराला भाव होता, अनुभवाला नव्हता.

आज व्हेन टेम्पेस्टच्या जागी घरे आहेत आणि डॉडनच्या जागी कार्यालये. खाणीचा कचरा ओतून काळाकुट्ट केलेला किनारा लाखो पौंड खर्चून साफ केला, त्याचे श्रेय देतो. तो किनारा खरोखर किळसवाणा होता. जुन्या बाटली कारखान्यातल्या काचेचे गुळगुळीत तुकडे वेचायला लांबून लोक येतात. त्या काचेच्या भट्ट्या कोळशावरच पेटत होत्या. कोळशाच्या रुळांची खूण म्हणून अधूनमधून एक रुंद, सौम्य उताराची पायवाट लागते. तिच्यावर लोक कुत्री फिरवतात. लंडनडेरीच्या काही जुन्या लाकडी वाघिणी बीमिशच्या संग्रहालयात आहेत. त्या भरणाऱ्यांची नावे कुणाच्या तोंडी नाहीत.

लालबाग-परळच्या वाचकांनी यावर इंग्रजांना हसू नये. मॉलच्या आवारात शोभेला ठेवलेली गिरणीची चिमणी आपण रोज पाहतोच. तुमच्या घरात, चाळीत, गावात गिरणीच्या कामातले कुणी हयात असेल, तर आजच जाऊन बसा आणि त्यांचे काम, खाते, पाळी लिहून घ्या. इंजिनांची नावे जपायला सरकार समर्थ आहे.