लेसरला मुद्दाम डोलवायचं

अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुड्यांच्या कुशीला समुद्राचे आवाज टिपणारी काच बसवलेली असते. काच म्हणजे ऑप्टिकल फायबर. आवाजाच्या दाबानं फायबरचं वेटोळं किंचित ताणलं जातं. लेसरचा प्रकाश दोन वाटांनी सोडायचा, एक या वेटोळ्यातून, दुसरी आवाजापासून लांब. पुढे दोन्ही एकत्र आले की वाटांमधल्या फरकानुसार उजेड कमीजास्त होतो. हेच व्यतिकरण.

खरी अडचण यानंतर सुरू होते. हा फरक एका तरंगलांबीनं, म्हणजे बहुधा १५५० नॅनोमीटरनं बदलला की उजेड-अंधाराचं एक चक्र पुरं होतं. उजेड कळसाला असताना वाट जराशी वाढली काय नि घटली काय, तो जवळपास हलत नाही. हललाच तर दोन्ही वेळा कमीच होतो. दिशा कळायची कशी? त्यात पाण्याचं तापमान बदललं की फायबर आपणहून या बहिऱ्या जागी येऊन बसतं.

अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या डँड्रिज, ट्वीटन आणि जियालोरेन्झी यांनी १९८२ मध्ये सुचवलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी लेसरची वारंवारिताच एका ठरावीक लयीत डोलवली. आलेला संकेत एकदा त्या लयीच्या लहरीनं गुणायचा, एकदा दुप्पट लयीच्या, आणि दोन्हींतला वेगवान भाग गाळून टाकायचा. एकीकडे कलेचा, म्हणजे दोन वाटांमधला फरक दाखवणाऱ्या कोनाचा, साइन उरतो, दुसरीकडे कोसाइन. एक बहिरा होतो तेव्हा दुसरा ऐन भरात असतो.

पूर्वी हे गुणाकार सर्किटं करत आणि तापली की चुकत. आता संकेताचे आकडे करून चिपला देतात. साइन-कोसाइनवरून कोन काढायला अनेकदा कॉर्डिक पद्धत वापरतात. जॅक व्होल्डर यांची १९५९ ची ही युक्ती मुळात बॉम्बफेकी विमानाच्या संगणकासाठी होती, आणि तिला बेरजा नि अंक सरकवणं एवढंच पुरतं. दोन्ही आकडे आलेखावर मांडले तर वर्तुळ दिसायला हवं. प्रत्यक्षात दिसतं कलतं, केंद्रावरून ढळलेलं लंबवर्तुळ. ते सरळ करायची रीत हायडमन यांनी १९८१ मध्ये दिली.

तरी फेऱ्या मोजायच्या राहतातच. प्रदक्षिणा घालणारा पुन्हा दारात दिसला, तर तो फेरी मारून आला की जागचा हललाच नाही? म्हणून दोन नोंदींमध्ये कोन अर्ध्या फेरीपेक्षा कमीच बदलायला हवा. गंमत अशी, की या यंत्राला कुजबुज सहज जमते आणि जवळचा स्फोट चकवतो. त्याच्यासाठी सेकंदाला घ्यायच्या नोंदी वाढवाव्या लागतात, आणि लेसरच्या डोलण्याची लयही.