गाडी तेल का पिऊ लागली?

“पूर्वी लिटरला तेरा देत होती, आता दहावर आली!” ही तक्रार तुम्ही घरी, शेजारी किंवा एखाद्या गॅरेजपुढे नक्कीच ऐकली असेल. सुमो, बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारखी उंच, जड, डिझेलवर चालणारी गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली, की तिच्याबद्दल असे बोलणे हमखास कानावर पडते. मग सल्लेही येतात. एक जण म्हणतो, “एअर फिल्टर बदला.” दुसरा म्हणतो, “नोझल गेले असतील.” तिसरा मान हलवून निर्वाणीचे सांगतो, “एंजिनाचे काम निघाले!” एंजिनाचे काम म्हणजे एंजिन पूर्ण उघडून आतल्या रिंगा, बेअरिंगे बदलणे. त्याला बरेच हजार रुपये पडतात. आणि एवढे करूनही गाडी पुन्हा दहाच देते, असे पुष्कळदा घडते. कारण दुखणे एंजिनात नसतेच.

ताप हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे, असे डॉक्टर सांगतात. अ‍ॅव्हरेज पडणे हेही तसेच एक लक्षण आहे. त्यामागचे कारण शोधायला तुमच्या शाळेच्या पुस्तकातील न्यूटनचा दुसरा नियम, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आणि मापनातील चूक कशी ओळखावी याचे थोडेसे ज्ञान एवढी शिदोरी पुरते.

पहिला प्रश्न असा, की मुळात अ‍ॅव्हरेज पडले आहे का? ते मोजायची रीत सोपी आहे. पंपावर टाकी भरून घ्यायची, नळी आपोआप बंद झाली की थांबायचे आणि मीटरवरील किलोमीटर लिहून ठेवायचे. टाकी बरीचशी रिकामी झाली की त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची. या वेळी जितके लिटर बसले, तितके मधल्या प्रवासात जळाले. पण डिझेलला फेस येतो, गाडी किंचित तिरकी उभी राहते, आणि एखादा लिटर इकडेतिकडे होतो. आता पाहा, तुम्ही दहाच लिटर जाळून हिशेब केलात, तर एका लिटरची चूक म्हणजे १० टक्के झाली. पन्नास लिटर जाळून केलात, तर तीच चूक २ टक्क्यांवर येते. म्हणून टाकी चांगली रिकामी होऊ द्यावी आणि सलग तीन-चार वेळा मोजावे. पुष्कळ तक्रारी इथेच निकालात निघतात.

मीटरही फसवतो. तो रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. नव्या टायरवर सुमारे ८ मिलिमीटर खोल नक्षी असते. ती झिजून २ मिलिमीटर उरली, की चाकाची त्रिज्या ६ मिलिमीटरने घटते. त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरली तर हा फरक पावणेदोन टक्के होतो. झिजलेले चाक किलोमीटरमागे जास्त फेरे घेते, म्हणून मीटर जास्त अंतर दाखवतो. तुम्ही नवे टायर टाकलेत की तो एकदम खरे बोलू लागतो आणि अ‍ॅव्हरेज पडल्यासारखे वाटते! ऐट म्हणून मोठ्या मापाचे टायर चढवले असतील, तर मीटर चक्क कमी अंतर दाखवतो. पडताळा घ्यायचा असेल तर महामार्गावर वीस मैलाचे दगड मोजावेत. (आपण अजून त्यांना मैलाचे दगड म्हणतो, पण त्यांवर आकडे किलोमीटरचे असतात.) तेवढ्या अंतरात मीटर वीस किलोमीटर पुढे सरकला पाहिजे.

आता ऊर्जेचा हिशेब करू. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता निर्माण होते. माणसांसह २,००० किलोग्रॅम वजनाची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर चालली आहे असे समजा. टायर दबतात, फुगतात, आणि त्यामुळे गतीला रोध होतो. तो गाडीच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का, म्हणजे ३०० न्यूटन धरू. दुसरा रोध हवेचा. अशा चौकोनी, उंच गाडीला ताशी ६० किलोमीटर वेगाला तो साधारण २३० न्यूटन असतो. एकूण झाले ५३० न्यूटन. गाडी या वेगाने लिटरला १५ किलोमीटर गेली, तर चाकांनी केलेले कार्य ५३० गुणिले १५,००० मीटर, म्हणजे जवळजवळ ८ मेगाज्यूल भरते. छत्तीसपैकी फक्त आठ! उरलेले अठ्ठावीस एंजिनाचे आतले घर्षण, रेडिएटर आणि धुराची नळी यांच्या वाटेने उष्णता होऊन निघून जातात.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही गोष्ट इथे विसरू नका. ताशी १०० किलोमीटरला तो २३० वरून सुमारे ६४० न्यूटनवर जातो आणि एकूण रोध पावणेदोन पटींहून अधिक होतो. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, जून २०२५ मध्ये तो पूर्ण मुंबईकडे जोडला गेला. जुन्या रस्त्याने साठाच्या वेगाने जाणारा माणूस आता त्यावरून शंभराने जात असेल, तर त्याच्या गाडीत काहीही बिघडलेले नसताना अ‍ॅव्हरेज पडणारच. टपावर कायमचा बसवलेला कॅरिअरही असाच हवा अडवतो. गाडी पेट्रोलवर चालणारी असेल तर आणखी एक गोष्ट. २०२५ पर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. तेव्हा मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते.

हे सगळे वजा करूनही तूट उरली, तर मात्र बिघाड आहे. तो दोनच ठिकाणी असू शकतो. एक तर चाकांवरचा रोध वाढला असेल, नाही तर एंजिनाच्या पदरात पडणारा आठाचा वाटा घटला असेल. या दोहोंतले कोणते, हे सांगणारा एक सुरेख प्रयोग आहे. त्याला हत्यार म्हणून फक्त मोबाइलमधले स्टॉपवॉच लागते.

सरळ, सपाट, रहदारी नसलेला रस्ता आणि वारा पडलेली सकाळ निवडा. गाडी अनुभवी मोठ्या माणसानेच चालवायची. तुम्ही पट्टा बांधून शेजारी बसायचे. थोडे अंतर चालवून गाडी गरम झाली, की वेग साठाच्या वर नेऊन गिअर न्यूट्रल करायला सांगा. एंजिन मात्र चालूच ठेवायचे, कारण ते बंद केले तर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. काटा ६० वर आला की घड्याळ सुरू करा, ५० वर आला की बंद करा. मग उलट दिशेने हेच करा, म्हणजे रस्त्याचा न दिसणारा चढ-उतार आणि वाऱ्याची झुळूक एकमेकांना काटून जातील. दोन्हीकडून तीन-तीन वेळा करून सरासरी घ्या.

किती वेळ लागायला हवा? पंचावन्नच्या वेगाला एकूण रोध ५०० न्यूटनच्या आसपास असतो. त्याला २,००० किलोग्रॅमने भागले की मंदन सेकंदाला सेकंदामागे पाव मीटर येते. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. एवढा वेग जायला सुमारे ११ सेकंद लागतात. आता कोठेतरी १०० न्यूटन जादा रोध शिरला असेल तर? मंदन ०.३० होईल आणि वेळ नऊ सेकंदांवर येईल. दोन सेकंदांचा फरक कोणीही पकडू शकेल. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील. म्हणून गाडी ठीक असतानाच हा प्रयोग करून वेळ वहीत लिहून ठेवणे उत्तम. निदान तशीच दुसरी चांगली गाडी तरी त्याच रस्त्यावर मोजून पाहावी.

हा काही पोरखेळ नव्हे, हो! मोटारींची तपासणी करणारे तज्ज्ञही गाडी मोकळी सोडून तिचा वेग कसा घटतो हे मोजतात. तेवढाच रोध मग प्रयोगशाळेतील रोलरवर लावतात आणि त्यावर गाडी ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे पळवून इंधन मोजतात. पुण्याला वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था आहे. जाहिरातीत ‘प्रमाणित’ म्हणून छापला जाणारा आकडा अशाच रोलरवरचा असतो. तुमच्या गावच्या खड्ड्यांशी त्याचा संबंध नाही.

समजा, गाडी फार लवकर मंदावली. आता एंजिनाकडे पाहायचेच नाही. सर्वांत आधी संशय घ्यायचा तो चिकटलेल्या ब्रेकचा. पायपट्टी सोडल्यावरही गंजलेला पिस्टन मागे येत नाही किंवा हँडब्रेकची तार ताणलेली राहते, आणि ब्रेक चाकाला सतत घासत असतो. त्याचा रोध १०० न्यूटन असेल, तर साठाच्या वेगाला दर सेकंदाला सुमारे १,६७० ज्यूल उष्णता निर्माण होते. विजेच्या इस्त्रीपेक्षाही ही जास्त झाली! म्हणजे चोर स्वतःच आपला पत्ता सांगतो. ब्रेक फारसे न वापरता दहा किलोमीटर जा, थांबा, आणि चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. हात लावायचा नाही, भाजेल. एकच चाक तापले असेल तर गुन्हेगार सापडला. चारही सारखी कोमट असतील तर ब्रेक निर्दोष.

हा शोध केवळ डिझेल वाचवण्यासाठी नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि असे जुने तेल दीडशे अंश सेल्सिअसच्या आतबाहेरही उकळू शकते. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते. आधीच तापलेल्या चाकानिशी गाडी कसारा घाट उतरू लागली आणि नळीत वाफ झाली, तर पायपट्टी तळापर्यंत जाते आणि ब्रेक लागत नाही. अ‍ॅव्हरेज तेरावरून दहावर आले, ही तीन किलोमीटरची तूट म्हणजे त्याचीच आगाऊ सूचना असू शकते.

ब्रेक ठीक निघाले तर टायरची हवा पाहा. सर्व टायरमधला दाब एका पौंडाने कमी झाला तर इंधनात सुमारे ०.२ टक्के फरक पडतो, असे अमेरिकी सरकारचे मार्गदर्शन सांगते. आकडा लहान वाटतो, पण दहा पौंड हवा कमी असलेल्या गाड्या आपल्याकडे सर्रास फिरतात. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी. तापमान दहा अंशांनी उतरले की दाब दीड-दोन पौंडांनी घटतो. निफाडच्या थंडीत हे सहज दिसेल.

गाडी मात्र अकरा सेकंद छान घरंगळली, तर दोष एंजिनाच्या बाजूचा. पहिल्यांदा तापमानाचा काटा पाहा. तो अर्ध्या तासानेही खालीच रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा मुळात जागेवरच नाही. या छोट्या झडपेत मेण असते. पाणी सुमारे ८० अंशांना पोचले की ते वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. ‘आपल्या उन्हाळ्यात कशाला हवी ही भानगड’ म्हणून काही मेकॅनिक ती काढूनच टाकतात. मग एंजिन कायम थंड राहते, तेल दाट राहते, घर्षण वाढते. मला विचाराल तर हा सर्वांत महाग पडणारा फुकटचा उपाय आहे.

नंतर धूर. निळसर धूर म्हणजे एंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण ते पुरते जाळायला हवा कमी पडते किंवा नोझल नीट फवारत नाही. एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचे हजार सारखे थेंब केले की त्यांचे एकूण पृष्ठफळ दहापट होते. नोझलचे सगळे काम एवढ्याचसाठी. झिजलेले नोझल मोठे थेंब टाकते आणि ते अर्धवट जळतात. एअर फिल्टरचा दोष मात्र जरा जपून ठरवावा. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये, संगणकाने इंधन सोडणाऱ्या गाड्यांत मुद्दाम तुंबवलेले फिल्टर बसवून पाहिले. गाड्या वेग घ्यायला मंद झाल्या, पण अ‍ॅव्हरेजमध्ये विशेष फरक पडला नाही. जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल गाडीत तुंबलेल्या फिल्टरने काळा धूर येऊ शकतो; तेव्हा फिल्टर काढून उजेडात धरून पाहणे केव्हाही बरे.

धूर नाही, काटा जागेवर आहे, गाडी घरंगळतेही चांगली, असे असेल तर चढावर वरच्या गिअरमध्ये जोर देऊन पाहायला सांगा. एंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच सरकतो आहे. तोही ठीक निघाला, तर गॅरेजमध्ये नेऊन सिलिंडरमधला दाब मोजून घ्यावा. दाबमापक लावून ही तपासणी थोड्या वेळात होते. त्यात एखादा सिलिंडर इतरांपेक्षा फार खाली सापडला, तरच एंजिन उघडण्याची भाषा करावी.