सहा आठवड्यांतलं संख्याशास्त्र

अमेरिकेतल्या कॉलेजांत उन्हाळी सत्र नावाचा एक प्रकार असतो. एरवी १५ आठवडे चालणारा विषय जून-जुलैच्या ६ आठवड्यांत शिकवून, परीक्षा घेऊन मोकळं व्हायचं. या सत्रात हमखास असतो तो प्राथमिक संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम. नर्सिंगला जायचं असो, मानसशास्त्राला की व्यवस्थापनाला, हा एक विषय बहुतेकांच्या वाटेत उभा असतोच. मग 'उन्हाळ्यात काढून टाकू' असा विचार साहजिकच मनात येतो. तिकडे शिकायला गेलेल्या मुलांचे आईवडील मला इथे पुण्यात भेटले की हेच विचारतात, "अहो, सहा आठवड्यांत जमेल का तिला?"

हा अभ्यासक्रम मी स्वतः २००७ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात केला. तेव्हा मी एच-४ व्हिसावर होते, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमागे गेलेली बायको. त्या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नसे. २०१५ पासून काही जणींना ती परवानगी मिळू लागली. शिकायला मात्र बंदी नव्हती, आणि आमच्यापैकी कित्येक जणींनी त्या रिकाम्या वर्षांत कॉलेजचा रस्ता धरला. पुढे ग्रीन कार्ड आल्यावर मी कॉलेजच्या शिकवणी केंद्रात काही वर्षं काम केलं. संख्याशास्त्रात अडलेली मुलं तिथे यायची. तेव्हा सांगते आहे ते बाकाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलेलं आहे.

आधी तासांचा हिशेब बघा. तीन क्रेडिटच्या विषयाला वर्गात साधारण ४५ तास बसायचं आणि वर्गातल्या दर तासामागे घरी दोन तास अभ्यास करायचा, असा तिथला जुना संकेत आहे. म्हणजे एकूण १३५ तास. १५ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला ९ तास. सहांत विभागले तर साडेबावीस. अर्ध्या नोकरीएवढं काम झालं हे! उन्हाळी सत्रात अभ्यासक्रम कमी होत नाही, फक्त दिवस कमी होतात. आठवड्यातून चार दिवस वर्ग, रोज जवळजवळ दोन तास. एक दिवस बुडाला की नेहमीच्या सत्रातला अर्ध्याहून अधिक आठवडा बुडाला म्हणायचा. त्यात ४ जुलैची सुट्टी एखादा दिवस खाऊन टाकते आणि तो मजकूर दुसऱ्या दिवसाच्या डोक्यावर बसतो. न्यू जर्सीतल्या शाळा जूनअखेर बंद होतात, त्यामुळे ज्यांना लहान मुलं आहेत त्यांची मुलंही नेमकी तेव्हाच घरी. आता असे बरेच वर्ग ऑनलाइन असतात. त्याने गाडीचा प्रवास वाचतो, तास वाचत नाहीत.

पण तास काढणारी माणसं तास काढतात. आपल्या बायका तर पहाटे उठून काढतात. खरी अडचण वेगळी आहे, आणि ती या विषयाच्या पोटात आहे.

पहिल्या आठवड्यात आलेख, सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन असतं. हे आपल्याकडे शाळा-कॉलेजात थोडंफार झालेलं असतं. दुसऱ्यात संभाव्यता येते. नाणी, फासे, पत्ते. इथवर आपली मुलं आरामात असतात. वर्गात पहिला नंबर आहे असं घरी फोनवर सांगतात. तिसऱ्या आठवड्यात एक वळण येतं, आणि पुढचा सगळा विषय त्या वळणापलीकडे आहे.

ते वळण आपल्या मातीतल्या उदाहरणानं सांगते. जिल्ह्यातलं ज्वारीचं उत्पन्न किती, हे काढायला सगळी शेतं कोणी कापून मोजत नाही. आपल्याकडे पीक कापणी प्रयोग होतात. काही गावं, त्यातली काही शेतं, त्या शेतांतला ठरावीक मापाचा तुकडा, हे सगळं यदृच्छेनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडायचं. तेवढाच तुकडा कापायचा, वजन करायचं, सरासरी काढायची. या पद्धतीला शास्त्रीय पाया देण्यात डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. पानसे या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांचं मोठं काम आहे.

आता समजा, तलाठ्याऐवजी दुसरा कोणी चिठ्ठ्या टाकायला बसला असता. वेगळी शेतं निघाली असती आणि सरासरीही थोडी वेगळी आली असती. तिसऱ्याची आणखी वेगळी. अशी हजार माणसं हजार वेळा बसली असती तर हजार सरासऱ्या मिळाल्या असत्या, आणि त्या खऱ्या उत्पन्नाच्या आजूबाजूला घंटेच्या आकारात गोळा झाल्या असत्या. प्रत्यक्षात आपल्या हातात एकच सरासरी आहे. पण ती किती विश्वासाची, हे न झालेल्या त्या नऊशे नव्याण्णव सरासऱ्यांच्या विचारातून ठरतं.

हे वाक्य एकदा ऐकून पटतं. पण अंगात मुरत नाही. आतापर्यंत आकडे शेतांचे होते, आता आकडे सरासऱ्यांचे झाले, आणि त्याही कल्पनेतल्या. १५ आठवड्यांच्या सत्रात यावर दोन-तीन आठवडे घोळत बसायला मिळतं. उन्हाळ्यात सोमवारी हे शिकवतात आणि गुरुवारी त्यावर कॉन्फिडन्स इंटरव्हल उभं राहतं. पुढच्या सोमवारी गृहीतकांच्या चाचण्या सुरू. ज्यांची सोमवारची वीट बसलेली नाही, ते तिथून पुढे सूत्रं पाठ करू लागतात. शिकवणी केंद्रात चौथ्या आठवड्यात रांग लागायची आणि प्रश्न चौथ्या आठवड्याचा असायचा. उत्तर मात्र मला तिसऱ्यापासून द्यावं लागायचं.

म्हणून माझा सल्ला असा की ही एक कल्पना सत्र सुरू होण्याआधी हातानं करून बघावी. नाणं घ्या. दहा वेळा उडवा, छाप किती पडले ते लिहा. असं वीसदा करा. दहात सात किंवा अधिक छाप पडणं मुळीच विशेष नाही. चोख नाण्यालाही शंभरात सुमारे सतरा वेळा तसं होतं. पण शंभरात सत्तर किंवा अधिक छाप पडले तर? ते पंचवीस हजारांत एखाद्या वेळी होईल. प्रमाण तेच, पण पहिल्यावर आपण खांदे उडवतो आणि दुसऱ्यावर नाणं तपासायला घेतो. नमुना चौपट केला की सरासरीची डळमळ निम्मी होते, हा नियम इथे बोटांना कळतो. गृहीतकांच्या चाचण्यांत पुढे जो 'पी' येतो तोही हाच: नाणं चोख आहे असं धरलं तर इतका किंवा याहून विचित्र निकाल किती वेळा दिसेल? नाणं चोख असण्याची शक्यता किती, याचं उत्तर तो 'पी' देत नाही. या एका फरकावर परीक्षेत हटकून प्रश्न असतो, आणि वर्तमानपत्रं वाचतानाही तो उपयोगी पडतो.

दुसरा अडथळा भाषेचा. आपल्या मुलांचं गणित चांगलं असतं, वाचन घाईचं असतं. 'ॲट लीस्ट थ्री' म्हणजे तीन किंवा जास्त, 'ॲट मोस्ट थ्री' म्हणजे तीन किंवा कमी, 'मोअर दॅन थ्री' म्हणजे चारपासून पुढे. घाईत यांची अदलाबदल होते आणि कॅल्क्युलेटर चुकीच्या प्रश्नाचं बिनचूक उत्तर देतो. मी मुलींना सांगायची, प्रश्नाशेजारी मराठीत लिहा: 'निदान तीन', 'फार तर तीन'. 'सिग्निफिकंट' हा शब्दही असाच फसवा. बोलण्यात त्याचा अर्थ महत्त्वाचा. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, एवढाच. औषधानं ताप पाव अंशानं उतरला, तर तो फरक सिग्निफिकंट असू शकतो आणि रोग्याला कळणारही नाही. बेसबॉलची तर गंमतच. तिथली 'बॅटिंग ॲव्हरेज' शून्य पूर्णांक तीन अशी असते आणि ती चांगली मानतात. आपल्याकडची मुलं चक्रावतात, कारण आपली सरासरी म्हणजे बाद होण्यामागे धावा, आणि त्यांची म्हणजे किती संधींपैकी कितीदा फटका लागला त्याचं प्रमाण.

मग कोणी घ्यावा? ज्याला त्या सहा आठवड्यांत हा एकच विषय आहे आणि बीजगणित गंजलेलं नाही, त्यानं खुशाल घ्यावा. रोज तोच विषय असल्यामुळे धागा तुटत नाही, हा उन्हाळी सत्राचा खरा फायदा आहे. सोबत दुसरा विषय आणि पूर्णवेळ काम असेल, तर १५ आठवड्यांचंच सत्र बरं. आपल्या विद्यापीठाबाहेरच्या कॉलेजात फी कमी म्हणून घेणार असाल, तर क्रेडिट धरलं जाईल असं विद्यापीठाकडून आधी लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी क्रेडिट मिळतं पण ग्रेड तुमच्या सरासरीत धरत नाहीत. ती किमान 'सी' मात्र लागते.

शेवटी तारखा. प्रत्येक कॉलेजच्या वेगळ्या असतात, पण उन्हाळ्यात सगळ्याच जवळ आलेल्या असतात. पूर्ण फी परत मिळण्याची मुदत बहुधा पहिल्या काही दिवसांतच संपते. नंतर विषय सोडला तर पैसे जातात आणि गुणपत्रकावर 'डब्ल्यू' येतो, जो नापासापेक्षा पुष्कळ बरा. तीही मुदत उलटली की जी ग्रेड पडेल ती पदरात घ्यावी लागते. या दोन तारखा पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहाव्यात, आणि दुसरी तारीख तिसऱ्या आठवड्याच्या आधी येते की नंतर, तेवढं पाहून ठेवावं.