क्लिक गिरडचं, गिऱ्हाईक कुठलं?
समुद्रपूर तालुक्यातलं गिरड शेख फरीदबाबांच्या दर्ग्यामुळे दूरवर माहीत आहे. इथल्या पंप-ठिबक विक्रेत्याने गूगलवर क्लिकमागे पैसे मोजताना नेमकं हेच ध्यानात ठेवावं. जाहिरातीच्या ‘स्थान’ सेटिंगमध्ये मुळातच त्या भागातल्या लोकांसोबत त्या भागात रस दाखवणारेही धरलेले असतात. म्हणजे मुंबईत बसून गिरड शोधणारासुद्धा. लॉजवाल्याला तो हवाच, पंपवाल्याला फुकटचा खर्च. पंपवाल्याने ‘फक्त त्या भागात असलेले’ हा पर्याय निवडावा. ‘दर्गा’, ‘नोकरी’, ‘जुना पंप’ हे शब्द वगळण्याच्या यादीत टाकावेत. लोकांनी नेमकं काय शोधलं ते दाखवणारा ‘शोधशब्द अहवाल’ दर आठवड्याला बघावा. खरी गळती तिथेच सापडते. हिशेब क्लिकचा नको, आलेल्या फोनचा ठेवावा. आणि फोन उचलायला दुकानात कुणी नसेल, त्या वेळेत जाहिरात बंद ठेवावी.