घर भाड्याने देणे आहे, मे महिना सोडून

बँकेतल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत हॉटेलसाठी कर्ज मागायला कुणी आले की मी पहिला प्रश्न विचारायचो, "वर्षातले किती दिवस खोल्या रिकाम्या राहतील?" समोरचा माणूस भरलेल्या खोल्यांचा हिशेब घेऊन आलेला असायचा. रिकाम्यांचा हिशेब आम्ही करायचा. असा हा शहाणा माणूस २०२३ साली, निवृत्तीचे पैसे हाताशी घेऊन, दापोलीजवळ आंजर्ल्याला एक घर पाहायला गेला आणि पडवीत बसल्या बसल्या विरघळला.

घर जांभ्याचे, कौलारू, मागे विहीर. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात मालकांची पोफळीची बाग आडवी झाली आणि त्यांचे मनच उडाले. आमचा बेत सोपा होता. सुट्टीच्या दिवशी घर पर्यटकांना द्यायचे, एरवी आपण जाऊन राहायचे. पैसेही मिळतील आणि समुद्रही!

कागदपत्रांत मी चुकलो नाही. शेतकरी नसलेल्याला कलम ६३मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणून जागा बिनशेती असल्याची खात्री केली. भरतीरेषेपासूनचे अंतरही पाहिले. घर ५२ लाखांना घेतले.

आता हिशेब ऐका. पावसाळ्याचे चार महिने सोडले की उरतात सुमारे ३५ आठवडे, म्हणजे शुक्रवार-शनिवारच्या ७० रात्री. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या आणखी २०. एका रात्रीचे ५,००० धरले तर साडेचार लाख. राखण करणाऱ्या काकांचा पगार वर्षाला १ लाख ४४ हजार. वीज, चादरींची धुलाई, कमिशन, रंग आणि खाऱ्या हवेने दर वर्षी गंजणारे काहीतरी मिळून १ लाख ३० हजार. हाती उरले १ लाख ७६ हजार. टक्केवारीत जेमतेम साडेतीन टक्के. तेव्हा ज्येष्ठ नागरिकांना मुदत ठेवीवर सात टक्क्यांहून अधिक मिळत होते. तेही विहिरीचा पंप दुरुस्त न करता!

पण खरी चूक टक्केवारीत नव्हतीच. ती पहिल्या मे महिन्यात कळली. मुलगी, जावई आणि नात नागपूरहून येणार म्हणून हिने पडवीत झोपाळा बांधून घेतला होता. शाळेला सुट्टी तेव्हाच. आणि नेमक्या त्याच आठवड्याचे आगाऊ पैसे मी एका पुण्याच्या कुटुंबाकडून घेऊन बसलो होतो. दिलेला शब्द मोडायचा नाही, ही बँकेची सवय. आम्ही पाचजण दोन घरे पलीकडे भाड्याच्या खोल्यांत उतरलो.

संध्याकाळी समुद्रावरून परतताना नात आमच्या फाटकाशी थबकली. झोपाळ्यावर दोन अनोळखी मुले उंच झोके घेत होती.

"आजोबा, हे घर आपलं आहे ना?"

"हो."

"मग आपण आत का जात नाही?"

मी हिच्याकडे पाहिले. ही काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

ज्या दिवशी पाहुण्यांना घर हवे असते, त्याच दिवशी आपल्या माणसांनाही सुट्टी असते. आपल्या वाट्याला उरतो तो जुलैतला मंगळवार. कर्जाचे इतके अर्ज तपासूनही ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

आता नव्या वर्षाची वही उघडली की मी आधी मे महिन्यातल्या आठ रात्री खोडून टाकतो. चाळीस हजारांचे नुकसान. परतावा पावणेतीन टक्क्यांच्याही खाली जातो. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी नामंजूर केला असता. काकांना मात्र मी एप्रिलमध्येच फोन करतो आणि झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालून ठेवायला सांगतो.